ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच

माझ्या आत्याला सोलापुरात पावसाळा सरता सरता चिकुनगुन्या झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरच्यांनी हुश्श केलं. पंधरवडा उलटला, महिना उलटला, दिवाळी येऊन गेली, तरी सकाळी कुणी हात दिल्याशिवाय तिला पलंगावरून उठवत नाही. ताप नाही, रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, चार घास पोटात जातात. मग दुखतंय काय? घरातल्यांनी, शेजारणींनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला की आपलंच काहीतरी चुकतंय, आपणच कमी पडतोय, असं तिला वाटायला लागलं. तिचं काहीही चुकत नव्हतं. या आजाराची चालच तशी आहे आणि ती नीट कळली की घरातला बराचसा ताण हलका होतो. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधं डॉक्टरांनीच ठरवायची, पण ती कशासाठी दिली आहेत हे घरच्यांना ठाऊक असायला हवं.

चिकुनगुन्याचे दोन भाग करून पाहिले की पुष्कळ उलगडतं.

पहिल्या भागात विषाणू रक्तात असतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस डास आधी एखाद्या आजारी माणसाला चावतो आणि काही दिवसांनी आपल्याला. त्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत ताप भरतो, तोही असा की सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळी भिंत धरून चालतं. मनगटं, बोटं, घोटे, गुडघे ठणकू लागतात, बहुतेकदा दोन्ही बाजूंचे एकदम. अंगावर पुरळ येतं. इकडे शरीर प्रतिपिंडं तयार करत असतं आणि आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत, रक्तातला विषाणू आटोक्यात येतो. ताप उतरतो तो त्यामुळे. म्हणून मच्छरदाणीची खरी गरज त्या पहिल्या आठवड्यात असते. नंतर आत्याला डास चावला तरी तो डास तिचा आजार दुसऱ्याकडे नेऊ शकत नाही. तिला शिवल्याने, तिच्या ताटात जेवल्याने तर तो कधीच होत नाही. एका घरात तिघा-चौघांना लागोपाठ होतो त्याचं कारण डासाच्या सवयीत आहे: एडिसची मादी एका जागी पोटभर रक्त पीत नाही, हुसकावली की शेजारच्याला चावते.

दुसरा भाग सांध्यांचा. या विषाणूला सांध्याच्या आतलं अस्तर, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) आणि स्नायूंमधल्या काही पेशी फार मानवतात. तो तिथे शिरला की शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जमा होतात, दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात, सांध्यात पाणी भरतं, सूज येते. इथवर सगळं रीतसर चाललेलं असतं. अडचण पुढे येते. रक्तातला विषाणू संपला तरी सांध्यातला दाह थांबत नाही. पंगत उठून गेली तरी आचाऱ्यांनी चुली पेटत्याच ठेवाव्यात, तसं तिथलं काम चालू राहतं. असं का होतं याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काही रुग्णांच्या सांध्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये कित्येक महिन्यांनंतरही विषाणूचे अवशेष सापडले आहेत, तर दुखणं दीर्घकाळ चाललेल्या दुसऱ्या काही रुग्णांच्या गुडघ्यातलं पाणी तपासलं तेव्हा त्यात विषाणूचा मागमूसही नव्हता. म्हणजे काहींच्या बाबतीत उरलेल्या तुकड्यांमुळे दाह पेटता राहत असेल, काहींच्या बाबतीत प्रतिकारशक्तीला थांबायचं कधी ते कळत नसेल. रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच: या टप्प्यातलं दुखणं म्हणजे अंगात मुरलेला ताप नव्हे. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, सलाईन लागत नाही, 'ताकदीची' इंजेक्शनं लागत नाहीत.

आता सकाळचं. घरोघरी गैरसमज होतात ते या सकाळ-संध्याकाळच्या फरकामुळे. आत्या साडेसहाला जागी होते आणि पलंगाच्या कडेला बसून आधी मूठ वळून बघते. बोटं तळव्यापर्यंत पोचतच नाहीत. करंगळी आणि अनामिका तर अर्ध्यातच अडतात. अंगठी काढून ठेवलीय, बांगड्या सैल केल्यात. पहिली चार पावलं ती टाचा टेकवत नाही, पावलाच्या कडेने चालते. दहा-अकरापर्यंत मूठ बऱ्यापैकी वळते, चालणं सुधारतं. संध्याकाळी पाच वाजता ती दारात खुर्ची टाकून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते आणि समोरची बाई म्हणते, "आता बऱ्या दिसताय की." काकांनाही तेच वाटायचं. संध्याकाळी जिचं बरं असतं ती सकाळी चहाचा कप का धरू शकत नाही?

याला शरीरशास्त्रात सरळ कारण आहे. रात्रभर सांधा हलत नाही, त्यामुळे सुजलेल्या अस्तरात पाणी साचून राहतं. शिवाय दाह वाढवणारी काही रसायनं पहाटेच्या सुमाराला वाढतात आणि दाह आवरणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, रात्री सगळ्यात कमी असतं आणि पहाटे चढू लागतं. हालचाल सुरू झाली की साचलेलं पाणी पसरतं, आखडलेपण सैलावतं. दाहामुळे होणाऱ्या सांधेदुखीची ही खूणच आहे. झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं याच्या उलट चालतं, दिवसभराच्या वापराने वाढत जातं. म्हणून डॉक्टरांनी "सकाळचं आखडलेपण किती वेळ टिकतं?" असं विचारलं की घड्याळ बघून उत्तर द्यायला हवं. अर्धा तास आणि दोन तास यात उपचारांच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. हे कळल्यावर काकांनी सकाळचा चहा स्वतः करायला घेतला आणि दोन्ही हातांनी धरता येईल असा मोठा मग आणला. गोळीने जे होत नाही असं काहीतरी त्याने झालं.

सांध्यांबरोबर कंडरांची आवरणंही सुजतात, म्हणून पकड जाते. सोलापूरकडे भाकरी थापणं म्हणजे मनगटाचं काम. आत्याने महिन्याभराने हट्टाने परातीत पीठ मळायला घेतलं, पण तळहाताची कड टेकवून पीठ पुढे रेटताना मनगटातून अशी कळ गेली की परात तशीच राहिली. पिळा घालून कपडे पिळणं, कुकरचं झाकण बसवणं, दुधाची पिशवी फाडणं, कडी लावणं, ही सगळी मनगट आणि अंगठ्याची कामं. आजारी बाई दिवसभर बसून असते असं वरवर दिसतं, पण तिला जमत नसलेल्या कामांची यादी केली तर दिसेल की तिचा अख्खा दिवसच त्या सांध्यांवर चालत होता. काहींना रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरं वाटतं. मनगटातली सूज तिथून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आणते म्हणून तसं होतं. डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रात्री मनगटाला पट्टा लावून आराम पडतो.

सांध्यांखेरीज काही गोष्टी होतात आणि कुणी आधी सांगितलेल्या नसल्या की घाबरवून सोडतात. नाकाच्या शेंड्यावर, गालांवर काळसर डाग पडतात. पुण्यात २०२४ च्या साथीत असे कितीतरी चेहरे दिसले. काही महिन्यांत ते फिके होत जातात. उन्हात जाताना चेहरा झाकावा, ब्लीच किंवा गोरेपणाची क्रीम लावू नये, कारण अशा पुष्कळ क्रीमांत स्टिरॉइड असतं. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, फणीत पुंजके येतात. कुठल्याही मोठ्या तापानंतर असं होतं. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. थकवा हे मात्र वेगळंच प्रकरण. तो झोपून जात नाही. चांगल्या दिवशी माणूस राहिलेली कामं उरकायला घेतं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतं. झोप मोडते, मन उदास होतं, "मी आता अशीच राहणार" असं बोलणं सुरू होतं. हे बोलणं घरच्यांनी कुरकुर म्हणून सोडून देऊ नये. महिनोन्महिने दुखत राहणाऱ्या माणसाच्या मनावर परिणाम होतोच आणि तो खूप दिवस टिकला तर त्यावरही उपचार असतात.

किती दिवस चालणार, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. डॉक्टर ढोबळमानाने तीन टप्पे मानतात: पहिले तीन आठवडे, तिथून तीन महिन्यांपर्यंत आणि तीन महिन्यांच्या पुढे. बरेच जण पहिल्या टप्प्यातच मोकळे होतात, आणखी बरेच दुसऱ्यात. तिसऱ्या टप्प्यात किती जण जातात त्याचे आकडे जागोजागी वेगळे येतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये जवळपास एक तृतीयांश लोकांना चिकुनगुन्या झाला. तिथल्या काही पाहण्यांत निम्म्याहून अधिक प्रौढ रुग्णांनी वर्ष उलटल्यावरही सांधे दुखतात असं सांगितलं. आपल्याकडे २००६ मध्ये आलेल्या साथीनंतर पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. तिथे वर्षभरानंतर दुखणं उरलेले लोक थोडेच निघाले आणि दोन वर्षांनी त्याहून कमी. आत्याला मी रियुनियनचा नव्हे, हा आपल्याकडचा मागोवा आधी सांगितला. तोही खरा आहे आणि तिच्या परिस्थितीला जास्त जवळचा आहे.

वय चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे असेल, बाई असेल, पहिल्या आठवड्यात दुखणं फार जोराचं असेल, गुडघे आधीच झिजलेले असतील किंवा मधुमेह असेल, तर वेळ जास्त लागण्याची शक्यता असते. आत्याच्या बाबतीत यातल्या बहुतेक गोष्टी लागू पडतात. आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही. आठ दिवस छान जातात, मग थंडी पडते किंवा घरात कार्य निघतं आणि सांधे पुन्हा धरतात. तो नवा आजार नसतो आणि विषाणूही परत आलेला नसतो. रोज मोजत बसलं की निराशाच पदरी पडते, म्हणून महिन्याने महिन्याशी तुलना करावी. गेल्या महिन्यात केस विंचरता येत नव्हते, या महिन्यात वेणी घालता येते, हे सुधारणेचं माप.

रिपोर्टांवर फार पैसे जातात, म्हणून त्याबद्दल थोडं. पहिल्या आठवड्यात विषाणू थेट शोधणारी पीसीआर चाचणी कामाची. आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी साधारण पाचव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह येऊ लागते आणि पुढे कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा तशीच राहते. त्यामुळे "अजून पॉझिटिव्हच आहे, म्हणजे आजार अंगात आहे" हा अर्थ चुकीचा आहे. ती चाचणी पुन्हा पुन्हा करून काहीही कळत नाही. दुखणं लांबलं की डॉक्टर ईएसआर किंवा सीआरपी बघतात, त्यावरून दाहाचा अंदाज येतो. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या चाचण्या सांगतात, कारण दोन्ही आजार दिसायला फार सारखे असतात. चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीत त्या बहुतेकदा निगेटिव्ह येतात. औषधं सुरू असताना साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्यांवर झालेला खर्च मात्र सार्थकी लागतो.

औषधांत पहिला मान पॅरासिटामॉलचा. ताप असेपर्यंत आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तेच द्यायचं, कारण डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो आणि पहिल्या दिवसांत दोन्ही तापांचा चेहरा एकच असतो. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त सहा गोळ्या. वय झालेल्यांना, यकृताचा त्रास असलेल्यांना, दारू पिणाऱ्यांना त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते या हिशेबात धरायला हवं. डेंग्यू नाही हे नक्की झालं की डॉक्टर सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. त्या गुणकारी आहेत, पण पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर भार टाकतात. ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याने दुकानातून स्वतःहून आणून महिनोन्महिने खाऊ नयेत.

ठरावीक मुदतीसाठी, कमी मात्रेत आणि हळूहळू कमी करत दिलेलं स्टिरॉइड काही रुग्णांना खरोखर उभं करतं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली घेण्यात वावगं काही नाही. भीती आहे ती पुडीतल्या औषधाची. चिकुनगुन्याची साथ आली की प्रत्येक तालुक्याच्या गावात कुणीतरी 'वाताची' पुडी देणारा निघतो. बिनलेबलच्या गोळ्या किंवा करडी पूड, महिन्याचा डोस, पथ्य तोंडी सांगितलेलं. आत्यासाठीही एका नातेवाइकांनी अगदी प्रेमाने अशी पुडी आणली होती. दोन दिवसांत सगळं दुखणं पळतं, असं लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं म्हणून दुखणं पळतं. मग साखर चढते, रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होत जातात. आणखी धोका पुढे आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. पुडी संपली आणि एकदम बंद केली तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणं असे प्रकार होऊन माणूस दवाखान्यात जातं. कुणी अशी पुडी काही आठवडे घेत असेल तर ती गुपचूप बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय काय घेतलं ते न लपवता सांगा.

काढ्यांबद्दलही सांगायला हवं. गुळवेल आपल्याकडे घरोघरी आहे. करोनाच्या काळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवलं, त्यावर आयुष मंत्रालयाने हरकतही घेतली. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, पण आधीच पॅरासिटामॉल आणि दुसऱ्या गोळ्या चालू असताना रोज पेलाभर काढा पिणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून घ्यावा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, जेवणाची वासना गेली तर लगेच थांबवावा.

तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले असतील तर संधिवाततज्ज्ञाला गाठावं. ते कधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, कधी मेथोट्रेक्सेट अशी दाहाच्या मुळाशी जाणारी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत "लागू पडत नाही" म्हणून सोडू नयेत. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून लागोपाठ घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलवटतं. वार ठरवून घ्या, पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरांत तो वार लिहा, रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ते ठेवूच नका. सोबत फॉलिक ॲसिड देतात आणि ठरलेल्या अंतराने रक्त तपासतात. ती तपासणी चुकवू नये.

गोळ्यांइतकंच महत्त्व हालचालीला आहे. दुखतं म्हणून सांधा हलवायचाच नाही असं केलं की तो आणखी आखडतो आणि आजूबाजूचे स्नायू वाळतात. दुखतं म्हणून चिडून रगडला तर सूज वाढते. मधला मार्ग फिजिओथेरपिस्ट दाखवतात. आत्याला सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून पाण्यातच मुठी वळायला सांगितलं होतं. पाण्याबाहेर जी मूठ अर्ध्यावर अडते ती पाण्यात थोडी पुढे जाते. त्याच पाण्यात नंतर घोटे गोल फिरवायचे. आखडलेल्या सांध्याला ऊब बरी वाटते, पण सांधा गरम आणि टरटरलेला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. मधुमेह असलेल्यांनी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याकडून बघून घ्यावं, पायांना जाणीव कमी असेल तर भाजल्याचं कळत नाही. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, मात्र सुजलेला सांधा चोळू नये. मालिशवाल्याला बोलावून तो कडाकड मोडून तर अजिबात घेऊ नये.

कामं थांबवण्यापेक्षा कामांची रीत बदलावी. भाकरी सुनेने करायची, पण शेंगा फोडायला, कोथिंबीर निवडायला आत्याला बसवायचं, तेही सकाळी नव्हे, दुपारी. जमिनीवर बसून उठणं हा गुडघ्यांवर सगळ्यात मोठा भार, म्हणून उंच खुर्ची आणि शौचासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची. मऊ तळव्याची चप्पल घरातसुद्धा. एक मोठं काम झालं की अर्धा तास पाठ टेकायची, थकवा यायच्या आधी.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे प्रेमापोटी नुकसान होतं. "वातूळ आहे", "आंबट आहे" असं म्हणत एकेक पदार्थ बंद होत जातो. आत्याची तूरडाळ गेली, हरभरा गेला, दही-ताक गेलं, वांगं-बटाटा गेला, अंडी तर आधीच नव्हती. उरला मऊ भात आणि साखर घातलेलं दूध. म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत वाळलेले स्नायू भरून यायचे त्या दिवसांत ताटातली प्रथिनंच गेली आणि साखर वाढली ती वेगळीच. डाळ किंवा दही खाल्ल्याने चिकुनगुन्याचा दाह वाढतो याला आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर त्याने तेवढा टाळावा. बाकी डाळ, उसळ, ताक, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडी-मासे, सगळं ताटात हवं.

काही लक्षणं मात्र वाट बघण्याची नसतात. एकच सांधा लाल, गरम होऊन पुन्हा ताप भरला. पायांत अशक्तपणा येऊन तो वर सरकू लागला. डोळा लाल झाला किंवा नजर अंधुक झाली. लघवी कमी झाली, शौचाला काळी होऊ लागली, छातीत दुखलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर "चिकुनगुन्याचंच असेल" म्हणत घरी बसू नये.

सोलापूर जिल्ह्याला हा आजार नवा नाही. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला, पुढच्या वर्षी मद्रासकडे आणि १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली. त्यानंतर तीन दशकं तो जवळजवळ नाहीसा झाला. २००५ च्या शेवटी परतला तो आफ्रिकेकडच्या वेगळ्या वाणाचा विषाणू होऊन, आणि २००६ या एका वर्षात देशभरात जवळपास १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मधल्या काळात जन्मलेल्या कुणाच्याच अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं नव्हती. एकदा होऊन गेला की संरक्षण बहुधा जन्मभर टिकतं. काकांना २००६ मध्ये झाला होता, यंदा घरात आत्या आणि नातू दोघांना झाला, काकांना नाही. नातू आठवडाभरात शाळेत गेला.

लशीचं काय, असं सून विचारत होती. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली लस मंजूर झाली, पण तिच्यानंतर काहींना, विशेषतः वयस्कर लोकांना, गंभीर त्रास झाल्याचं नोंदलं गेलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे तिचा परवाना स्थगित झाला. जिवंत विषाणू नसलेली दुसरी लस फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. आपल्याकडे सर्वसामान्यांना घेता येईल अशी लस नाही. म्हणजे सुनेला आणि मुलाला, ज्यांना अजून झालेला नाही, वाचवायचं तर डासच रोखायला हवेत. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पिंपं भरून ठेवण्यावाचून लोकांना गत्यंतर नाही आणि "पाणी साठवू नका" हा सल्ला तिथे निरुपयोगी आहे. एडिस स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, पिंपाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेलगत अंडी घालतो. ती भिंतीला चिकटतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिंप नुसतं उपडं केल्याने ती जात नाहीत. पाणी यायच्या दिवशी, भरण्यापूर्वी, आतली भिंत ताठ ब्रशने वरपासून खालपर्यंत घासायची, खळबळून ते पाणी जमिनीवर ओतायचं आणि भरून झालं की तोंडावर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा ताणून दोरीने आवळून बांधायचा. पिंप घासायचं काम आता मुलाकडे आहे, आत्याच्या मनगटाला ते अजून काही महिने जमणार नाही.